हार्ट फेल्युअरमध्ये संशोधन करायचं, तर ठाण्यात राहून जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डीएम कार्डिओलॉजीचं (हृदयरोगातल्या सुपरस्पेशालिटीचं) शेवटचं वर्ष चालू आहे, घर ऐरोलीला, आईवडील तिथेच. हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही असे, पेशंट बघण्यात मन रमतं आणि त्यात संशोधन करावंसं वाटतं. सीनिअर मात्र म्हणतात, आधी अँजिओप्लास्टीत हात बसव. संशोधनच करायचं तर परदेशी जा, इथे ठाण्यात काय होणार? म्हणून तुम्ही विचारलंय की फेलोशिपला बाहेर जावं का, पीएचडी लागते का, ठाणे-नवी मुंबईत नोकरी धरायची तर खासगी हॉस्पिटल बरं की मेडिकल कॉलेज, पहिला विषय कसा निवडायचा, आणि यात घर चालेल का.

मी ठाण्यात बरीच वर्षं हार्ट फेल्युअरची ओपीडी चालवते आहे. माझं जे काही संशोधन आहे ते त्याच ओपीडीतून निघालेलं आहे. त्यावरून सांगते, या पाच प्रश्नांच्या आधी एक प्रश्न सोडवायला हवा: पुढची दहा वर्षं तेच पेशंट पुन्हा पुन्हा तुमच्याचकडे येतील अशी जागा कोणती? ती सापडली की बाकीच्या प्रश्नांची उत्तरं बरीच सोपी होतात. ती नसेल तर परदेशातली फेलोशिपसुद्धा भिंतीवरच्या फ्रेमपुरती उरते.

काही गोष्टी अर्थातच तुमच्या परिस्थितीवर ठरतील. सरकारी सेवेचा बॉण्ड बाकी आहे का, शिक्षणाचं कर्ज किती, जोडीदाराची नोकरी कुठे, आईवडिलांची तब्येत कशी, हे मला माहीत नाही आणि त्यातली कुठलीही गोष्ट उत्तर फिरवू शकते. शिवाय तुम्हाला पेशींवर किंवा जनुकांवर काम करायचं असेल तर हे उत्तर तुमच्या फारसं उपयोगाचं नाही. तो रस्ता प्रयोगशाळेतून जातो, तिथे पीएचडी आणि मोठी संस्था लागतेच. मी बोलते आहे ते पेशंटवरच्या संशोधनाबद्दल.

तेच पेशंट परत येण्यावर माझा एवढा भर का, ते सांगते. अँजिओप्लास्टीचा निकाल त्याच दिवशी पडद्यावर दिसतो. हार्ट फेल्युअरमध्ये आज दिसणारी सुधारणा पुढच्या वर्षाबद्दल काहीच सांगत नाही, कधी कधी उलटंच सांगते. मिलरिनोन या औषधाचं उदाहरण घ्या. हृदयाचं आकुंचन वाढतं, पेशंटला तात्पुरतं बरं वाटतं, आकडे सुधारतात. पण १९९१ साली तोंडावाटे घेण्याच्या मिलरिनोनचा ‘प्रॉमिस’ ट्रायल (पेशंटांवरची चाचणी) प्रसिद्ध झाला तेव्हा औषध घेणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त निघाले. बीटा ब्लॉकरची (हृदयाचे ठोके संथ करणाऱ्या औषधांची) गोष्ट याच्या नेमकी उलटी. हृदय दुबळं असताना ही औषधं देऊ नयेत, असं शिकवलं जायचं. १९७५ साली स्वीडनमधल्या गॉथेनबर्गला फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या ७ पेशंटांवरचा अनुभव लिहिला: गोळ्या चालू ठेवल्या, पेशंटवर लक्ष ठेवलं, आणि ते सुधारत गेले. सुरुवातीच्या दिवसांत कुणी फक्त नाडी आणि बीपी पाहून गोळी थांबवली असती तर काहीच कळलं नसतं. जगाला पटायला १९९९ उजाडलं. त्या वर्षी ‘सिबिस-२’ आणि ‘मेरिट-एचएफ’ या दोन्ही ट्रायल्समध्ये मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

सात पेशंटांकडे नीट बघण्यापासून हजारोंच्या ट्रायलपर्यंत चोवीस वर्षं. या शाखेत संशोधकाचं आयुष्य साधारण असंच जातं. त्यासाठी लागणारं मुख्य साधन म्हणजे पेशंटला न सोडणं, आणि ते ठाण्यातही जमतं.

आता पहिल्या विषयाकडे येते, कारण तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. बहुतेक रेसिडेंट विषय शोधायला जर्नल उघडतात. तिथे दिसणारे विषय दुसऱ्यांच्या पेशंटांमधून आलेले असतात. आधी आपल्याकडचं चित्र पाहा. तिरुअनंतपुरम जिल्ह्यातल्या १८ हॉस्पिटलांनी २०१३ साली १,२०५ पेशंटांची नोंद केली. सरासरी वय ६१ च्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या पेशंटांपेक्षा जवळजवळ दहा वर्षांनी लहान. हृदयाचं पंपिंग कमी असलेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यालाच घरी जाताना गाइडलाइनप्रमाणे सगळी औषधं मिळाली होती, आणि वर्षभरात जवळपास ३१ टक्के पेशंट दगावले. त्यामागे श्री चित्रा तिरुनाळ संस्थेचे डॉ. हरिकृष्णन आणि त्यांची टीम होती. तेच काम पुढे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पैशांवर देशभर वाढलं आणि नॅशनल हार्ट फेल्युअर रजिस्ट्री झाली: ५३ हॉस्पिटलं, १०,८५१ पेशंट, नव्वद दिवसांत १४.२ टक्के मृत्यू. या माणसांनी नवीन रेणू शोधला नाही, नवीन यंत्र बनवलं नाही. एका जिल्ह्यातले पेशंट नोंदवले आणि त्यांचं पुढे काय झालं याचा पाठपुरावा केला. माझ्या लेखी आपल्या देशातलं हार्ट फेल्युअरचं हे सगळ्यात मोलाचं काम आहे.

या आकड्यांवरून प्रश्न पडतो तो असा: औषधं तर आता बरीच स्वस्त झाली आहेत. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं आणि जेनेरिक गोळ्या आल्या, २०२३ नंतर सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनचंही तसंच झालं. एनालाप्रिल, मेटोप्रोलॉल, स्पिरोनोलॅक्टोन तर कधीचे स्वस्त आहेत. तरीही पेशंट मरतात ते नेमके कुठे निसटतात?

याचं उत्तर जागेजागी वेगळं आहे, आणि इथेच ठाणेकर डॉक्टरला काम आहे. माझ्या ओपीडीतली एक गोष्ट सांगते. बदलापूर, टिटवाळा, आसनगावहून लोकलने येणारे पेशंट पाण्याची गोळी चुकवतात. विचारलं की आधी ‘विसरलो’ म्हणतात. नीट बसवून, बायकोसमोर किंवा मुलासमोर नको, एकट्याला विचारलं की खरं बाहेर येतं: सकाळी गोळी घेतली की तासाभरात लघवीला लागते, लोकलमध्ये संडास नाही, गर्दीत मधे उतरलं की पुन्हा चढता येत नाही. म्हणून कामाच्या दिवशी गोळी बंद, रविवारी चालू. तोंडावाटे घेतलेल्या फ्युरोसेमाइडचा, म्हणजे याच पाण्याच्या गोळीचा, जोर पहिल्या एक-दोन तासांत सगळ्यात जास्त असतो आणि सहा-आठ तासांत ओसरतो, हे आपण सगळे शिकलोय. पण प्रिस्क्रिप्शनवर ‘सकाळी एक’ लिहिताना ८.१२ ची फास्ट लोकल कुणाच्या डोक्यात नसते.

यातून किती प्रश्न निघतात बघा. नोकरीसाठी लोकलने जाणाऱ्या पेशंटांत पाण्याची गोळी चुकवण्याचं प्रमाण घरी असणाऱ्यांपेक्षा किती जास्त आहे? कामावर पोचल्यावर किंवा संध्याकाळी घरी आल्यावर गोळी घ्यायला सांगितली तर चुकवणं कमी होतं का? वजन, सूज, पुन्हा ॲडमिट व्हावं लागणं, यात फरक पडतो का? रात्री उठावं लागून झोपमोड झाली तर पेशंट तेही सोडून देतो का? फ्युरोसेमाइड चांगली की त्याच जातीची टॉरसेमाइड, यावर अमेरिकेत २,८५९ पेशंटांचा ‘ट्रान्सफॉर्म-एचएफ’ ट्रायल झाला आणि २०२३ मध्ये निकाल आला की मृत्यूंत फरक नाही. आपल्याकडे गोळी कोणती यापेक्षा ती पोटात जाते का, हा आधीचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मध्य रेल्वेच्या पट्ट्यातल्या डॉक्टरनेच द्यायला हवं. दुसरं कुणी ते विचारणारही नाही.

असे विषय इथे पावलोपावली आहेत. मुंब्रा-भिवंडीतले पेशंट रमजानचे रोजे धरतात. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा आणि पाण्याचं प्रमाण कसं बसवायचं? दिवा, ऐरोली, उरणच्या आगरी-कोळी घरांत सुकट-बोंबील रोजच्या जेवणात असतात. ‘मीठ कमी करा’ एवढं सांगून तिथे काय साधतं? मिठावर २०२२ साली ‘सोडियम-एचएफ’ हा ८०६ पेशंटांचा ट्रायल आला आणि कडक बंधनाने मृत्यू किंवा ॲडमिशन कमी झालेली दिसली नाहीत. मग आपल्या पेशंटला नेमकं काय आणि कितपत वर्ज्य करायला लावायचं?

स्पिरोनोलॅक्टोनचं तर स्वतंत्र प्रकरण होईल. १९९९ च्या ‘रेल्स’ ट्रायलमध्ये मृत्यू ३० टक्क्यांनी घटले, आणि पुढे कॅनडातल्या ओंटारिओत हे औषध सरसकट लिहिलं जाऊ लागल्यावर पोटॅशियम वाढून ॲडमिट होणारे आणि दगावणारेही वाढले. ते २००४ साली प्रसिद्ध झालं. ट्रायलमध्ये पोटॅशियम ठरलेल्या वेळी तपासलं जात होतं, बाहेर तसं होत नव्हतं. मुरबाड किंवा शहापूरच्या आतल्या गावातल्या पेशंटला महिन्याभराने पोटॅशियम तपासायला सांगितलं तर ते किती जणांचं खरोखर होतं? न झाल्यास गावातले डॉक्टर औषध बंद करतात की तसंच चालू ठेवतात? हे तुमच्याच पेशंटांत मोजता येतं, त्याला फार पैसा लागत नाही, आणि त्याचं उत्तर मिळालं तर उद्या औषध लिहिण्याची पद्धत बदलते.

याच जातीचा अजून एक मोठा प्रश्न. २०२२ च्या ‘स्ट्राँग-एचएफ’ने दाखवलं की डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत औषधांचे डोस पूर्ण वाढवले आणि सहा आठवड्यांत चार वेळा पेशंट तपासला, तर १८० दिवसांतले मृत्यू किंवा पुन्हा ॲडमिशन २३.३ वरून १५.२ टक्क्यांवर येतात. फारच मोठा फायदा आहे हा. पण भिवंडीच्या यंत्रमागावर रोजंदारीने काम करणारा माणूस सहा आठवड्यांत चारदा येईल का? प्रत्येक खेपेला त्याचा आणि सोबत येणाऱ्याचा खाडा होतो. महात्मा फुले योजनेत ॲडमिशन आणि प्रोसिजर बसते, महिन्याच्या महिन्याला लागणाऱ्या गोळ्या आणि या खेपा त्याच्याच खिशातून जातात. मग त्यातल्या दोन खेपा नर्सच्या फोनवर आणि गावातल्या लॅबच्या रिपोर्टवर भागवता येतील का? मला आज कुणी एकच विषय निवडायला सांगितला तर मी हा निवडेन.

हे करायला काय लागतं? आठवड्यातला एक ठरलेला वार, जो कॅथलॅबच्या (अँजिओप्लास्टी होते त्या खोलीच्या) लिस्टसाठी कधीही मोडला जाणार नाही. एक चांगली नर्स किंवा कोऑर्डिनेटर. एक फोन, जो पेशंटने केला तर उचलला जातो. आणि एक रजिस्टर, ज्यात रकाने कमी पण भरलेले असतात. सुरुवातीला सगळेच शंभर रकाने आखतात आणि निम्मे रिकामे राहतात. वय, स्त्री-पुरुष, कारण (झटका, झडप, रक्तदाब, बाळंतपणानंतरचं, केमोथेरपीनंतरचं, न कळलेलं), ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते), क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, नाडी, बीपी, वजन, चार मुख्य औषधं आणि त्यांचे डोस, डोस वाढवला नसेल तर का, आणि पुढच्या भेटीला पेशंट जिवंत आहे का, मधे ॲडमिट झाला का. एवढं पुरतं. ‘डोस वाढवला नसेल तर का’ हा रकाना कुणीच ठेवत नाही, आणि सगळ्यात जास्त शिकवतो तोच.

पेशंट हरवणं ही या कामातली मुख्य अडचण. शंभर नोंदवले आणि तीस जणांचा पत्ता लागला नाही, तर राहिलेल्या सत्तरांवर काढलेला कुठलाही निष्कर्ष लंगडा असतो, कारण मेलेले बहुधा त्या तिसातच असतात. म्हणून पहिल्या भेटीलाच तीन फोन नंबर घ्यायचे: स्वतःचा, घरातल्या एकाचा, आणि शेजारी किंवा गावाकडच्या नातेवाइकाचा. सिमकार्ड बदलतात, खोली बदलते. उत्तर प्रदेश-बिहारकडचे पेशंट मे महिन्यात लग्नांसाठी गावी जातात आणि गोळ्या तिकडे संपतात. त्यांच्या गावचा पत्ता आणि जवळचं मेडिकल दुकान लिहून ठेवलं तर निदान विचारता तरी येतं. फोनवर घरच्यांनी ‘ते गेले’ असं सांगितलं तर कोऑर्डिनेटरने फोन ठेवून पुढच्या नावाकडे वळायचं नाही. थोडं बोलायचं, कधी, कुठे, आधी काय त्रास होत होता ते हळुवार विचारायचं. ही माहिती मिळते आणि त्या कुटुंबालाही बरं वाटतं की हॉस्पिटलने आठवण ठेवली.

नियमांचा भाग मी थोडक्यात उरकते, कारण तो शिकता येतो. पहिला पेशंट नोंदवण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी हवी, आणि ती कमिटी नोंदणीकृत हवी. औषधाची चाचणी असेल तर २०१९ चे न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स लागू होतात. बाकी संशोधनाला आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ट्रायल असेल तर पहिल्या पेशंटआधी सीटीआरआयवर (ट्रायल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी करायची. संमतीपत्र मात्र नियमापुरतं मानू नका. आपल्याकडे पेशंट एकटा ठरवत नाही; ‘मोठ्या भावाला विचारून सांगतो’ म्हणतो. त्याला फॉर्म घरी नेऊ द्या, पुढच्या भेटीला सही घ्या. उपचार आणि संशोधन वेगळं आहे, ‘नाही’ म्हटलं तरी ओपीडी बंद होणार नाही, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू येऊ द्या. जो समजून हो म्हणतो तो टिकतो.

आता आकडेमोड, कारण इथे उत्साही माणसं घसरतात. समजा तुमच्या पेशंटांत वर्षभरात २० टक्के दगावतात किंवा पुन्हा ॲडमिट होतात, आणि तुमच्या नव्या पद्धतीने ते १५ टक्क्यांवर येईल असं तुम्हाला वाटतं. हा फरक ८० टक्के पॉवरने (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के) दाखवायला प्रत्येक गटात साधारण ९०० पेशंट लागतात, म्हणजे एकूण १,८००. निसटणारे धरले तर अजून जास्त. ठाण्यातलं कुठलंही एक हॉस्पिटल हे करू शकत नाही. तेव्हा दोनच वाटा उरतात. एक, असा परिणाम मोजा जो कमी पेशंटांत दिसतो: सहा महिन्यांनी चारही औषधांवर किती जण आहेत, ठरलेल्या डोसपर्यंत किती पोचले, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) किती उतरलं, पेशंटची चालण्याची ताकद किती वाढली. दुसरी, कळवा, नेरूळ, कामोठे, कल्याण इथल्या चार-पाच जणांनी एकच रजिस्टर वापरून एकत्र यायचं. दुसरी वाट कठीण आहे, कारण पेपरवर पहिलं नाव कुणाचं यावरून माणसं दुरावतात. ते आधी लेखी ठरवा. संख्याशास्त्राचा माणूसही आधीच गाठा. डेटा गोळा झाल्यावर त्याच्याकडे गेलं तर तो फक्त काय चुकलं तेवढंच सांगू शकतो.

इथवरचं थोडक्यात: पेशंट परत येतील अशी ओपीडी, भरलेलं रजिस्टर, आणि इथल्याच पेशंटांतून निघालेला एक लहान प्रश्न. आता राहिलेल्या प्रश्नांकडे वळते.

खासगी की मेडिकल कॉलेज? कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याला जोडलेलं राजीव गांधी मेडिकल कॉलेज, नेरूळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम, अशा ठिकाणी रेसिडेंट असतात, थिसिस चालू असतात, एथिक्स कमिटी असते आणि पेशंटांची संख्या मोठी असते. महापालिकेच्या ओपीडीत मात्र गर्दी एवढी असते की एका पेशंटला दहा मिनिटं देणं अवघड जातं, आणि तुम्ही राखलेला वार तुमचाच राहील याची खात्री वरिष्ठांनीच द्यावी लागते. मोठ्या खासगी हॉस्पिटलात इको, रिपोर्ट, बिलं सगळं कॉम्प्युटरवर असतं, कोऑर्डिनेटर मिळू शकतो, पण फॉलोअपचे पैसे परवडत नाहीत म्हणून पेशंट दोन भेटींनंतर गळतो. माझा कल सांगू? रेसिडेंट शिकवायची आवड असेल तर कॉलेज घ्या. नसेल तर खासगी चालेल, पण हार्ट फेल्युअरच्या फॉलोअपची फी कमी ठेवायला मॅनेजमेंट तयार आहे का, हे आधी विचारा. त्या एका उत्तरावरून तिथे संशोधन होईल की नाही ते कळतं.

नवी मुंबईत राहणार असाल तर अजून एक दार आहे. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे. डॉक्सोरुबिसिनसारखी औषधं घेतलेल्या कॅन्सर पेशंटांत पुढे हृदय दुबळं होऊ शकतं, कधी बऱ्याच वर्षांनी. कॅन्सरमधून बरी झालेली तरुण माणसं वाढताहेत आणि त्यांचं हृदय नियमाने बघणारे कार्डिओलॉजिस्ट आपल्याकडे कमी आहेत. ऐरोलीहून हे काम करता येण्यासारखं आहे.

कंपन्यांच्या ट्रायल्स घ्याव्यात का? पहिली दोन-तीन वर्षं जरूर घ्या. गंभीर घटना चोवीस तासांत कळवणं, प्रत्येक नोंदीला मूळ कागद असणं, ऑडिट होणं, ही शिस्त तिथे लागते. ‘पॅराडाइम-एचएफ’, ‘डापा-एचएफ’ अशा मोठ्या ट्रायल्समध्ये भारतातली केंद्रं होती आणि तिथल्या लोकांनी ती शिस्त आपापल्या कामात आणली. पण त्यात प्रश्न कंपनीचा असतो. तेवढंच करत राहिलात तर वीस वर्षांनी तुमच्याकडे प्रमाणपत्रं असतील, तुमचा असा प्रश्न नसेल. आपल्या पेशंटांचा प्रश्न धरला की काय होतं त्याला ‘इन्व्हिक्टस’ हा ट्रायल साक्षीला आहे. ऱ्हुमॅटिक (सांधेज्वराने खराब झालेल्या) झडपा आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) असलेल्या साडेचार हजारांच्या आसपास पेशंटांत रक्त पातळ ठेवणारं नवीन रिव्हारॉक्सबॅन जुन्या वॉरफरिनसारख्या गोळ्यांपेक्षा कमी पडलं. जुन्या गोळ्यांवर मृत्यू कमी झाले. श्रीमंत देशांत हा आजारच जवळपास उरलेला नाही, त्यामुळे हा प्रश्न आपल्यासारख्या देशांच्या पेशंटांमुळेच सुटला. त्या अभ्यासामागे कॅनडातल्या ज्या संस्थेचा हात होता तिथले हृदयरोग संशोधक सलीम युसुफ मूळचे केरळचे, बंगळुरूला एमबीबीएस झालेले. त्यांच्या कामातून आपण घ्यायचं ते हे की प्रश्न साधा ठेवला तर तो हजारो पेशंटांना विचारता येतो.

पीएचडी: क्लिनिकल संशोधनाला सक्तीची नाही. पद्धतीचं शिक्षण मात्र सक्तीचं समजा. बीसीबीआर हा संशोधनाचा पायाभूत कोर्स तुम्ही केलाच असेल. चेन्नईच्या एनआयई या राष्ट्रीय साथरोग संस्थेचा ‘हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स’ हा ऑनलाइन कोर्स नोकरी सांभाळून होतो. पुढे जायचं तर एपिडेमिऑलॉजी किंवा बायोस्टॅटिस्टिक्समधला मास्टर्स करा; तुमच्यासारख्याला तो पीएचडीपेक्षा लवकर उपयोगी पडेल असं मला वाटतं.

परदेश: हृदय प्रत्यारोपण, एलव्हीएडी (हृदयाला मदत करणारा यांत्रिक पंप), राइट हार्ट कॅथवर (हृदयाच्या उजव्या बाजूचे दाब मोजणाऱ्या तपासणीवर) चालणारे निर्णय हे रोज बघायचे असतील तर एक-दोन वर्षं जरूर जा. मोठं ट्रायल युनिट आतून कसं चालतं ते बघायलाही जा. फक्त क्रम बदला. आधी इथे वर्ष-दोन वर्षं ओपीडी चालवा, रजिस्टर सुरू करा, आणि स्वतःचा प्रश्न घेऊन जा. तिथे गेल्यावर कुठल्या प्रोजेक्टला हो म्हणायचं ते मग कळतं. जाताना रजिस्टर कुणाच्या हाती देताय तेही ठरवून जा, नाहीतर परत येईपर्यंत निम्मे पेशंट विखुरलेले असतील.

पैसा. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला पाऊण तास द्यावा लागतो आणि त्या वेळेत कॅथलॅबमध्ये होणारी कमाई कितीतरी जास्त असते. हे खरं आहे आणि घरच्यांना आधीच सांगायला हवं. माझ्या ओळखीचे जे या कामात टिकले, त्यांनी अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी, पेसमेकर सोडले नाहीत. आठवड्यातले तीन-चार दिवस त्यावर घर चालवलं आणि एक-दोन दिवस जीव लावून राखले. तुम्हीही हात बसवून घ्या, सीनिअर तेवढं बरोबर सांगताहेत. बाहेरून पैसा हवा असेल तर आयसीएमआरची छोटी एक्स्ट्राम्युरल (बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांसाठीची) अनुदानं पहिल्या कामाला योग्य असतात. खासगी संस्थेकडे डीएसआयआरची (केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन विभागाची) मान्यता आहे का ते आधी बघा. संशोधनाला पैसे देणाऱ्या इंडिया अलायन्सची क्लिनिकल अँड पब्लिक हेल्थ फेलोशिप मिळाली तर काही वर्षं पगाराची चिंता बरीच कमी होते, पण तिथे अर्ज करताना आधीचं काम लागतं, म्हणून रजिस्टर आज सुरू करायचं. पैसे घेऊन चार दिवसांत पेपर छापणाऱ्या जर्नलांना मात्र एक रुपयाही देऊ नका. पहिला पेपर इंडियन हार्ट जर्नलसारख्या ठिकाणी पाठवा, परत आला तर रिव्ह्यूअरने काय म्हटलंय ते वाचून दुरुस्त करा आणि पुन्हा पाठवा.

नोकरीच्या मुलाखतीला जाल तेव्हा चार गोष्टी लेखी मागा: राखलेला एक वार, अर्ध्या वेळेचा तरी एक कोऑर्डिनेटर, फॉलोअपची वेगळी फी, आणि नोकरी सोडताना रजिस्टरचं काय होणार याचा खुलासा. शेवटची गोष्ट माणसं विसरतात. डेटा संस्थेचा असतो, पण एथिक्स कमिटीच्या मंजुरीने तो पुढे वापरण्याचा तुमचा हक्क आधी ठरवता येतो. नंतर त्यावरून वाद होतात.

आणि नोकरीची वाट न बघता आत्ता करण्यासारखं एक काम. तुमच्या युनिट हेडची आणि एथिक्स कमिटीची परवानगी घ्या, आणि गेल्या वर्षी तुमच्या वॉर्डातून हार्ट फेल्युअरचं निदान होऊन डिस्चार्ज झालेल्यांची यादी काढा. त्यातले आज किती जिवंत आहेत, कितींचा फोन लागतो, कोण कुठल्या गोळ्या घेतंय आणि थांबवल्या असतील तर कुणाच्या सांगण्यावरून, एवढंच विचारा. डीएम संपण्याआधी हे होतं. यादी तयार झाली की पेशंटांची नावं काढून त्याचा सारांश इथे टाका. मी वाचेन, आणि त्यातून प्रोटोकॉल कसा लिहायचा ते आपण बोलू.